पिशवीला टाका घालणारे डॉ. शिरोडकर

पिशवीचे तोंड सैल आहे, टाका घालावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की घरातल्या सगळ्यांच्या जिवाला घोर लागतो. हा टाका आज मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जसा घातला जातो, तसाच पालघर-बोईसरसारख्या गावांतल्या प्रसूतिगृहांतही घातला जातो. जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत मात्र त्याला एक ओळखीचे आडनाव चिकटलेले आहे : शिरोडकर टाका. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे त्याचे जनक. स्त्रीच्या ओटीपोटाची रचना त्यांनी बारकाईने अभ्यासली आणि तिच्यातला कोणता आधार ढिला पडला आहे, हे शोधून नेमका तोच दुरुस्त करण्याची वाट दाखवली. त्यामुळे असंख्य बायकांची कूस उजवली आणि अनेकींची पिशवी वाचली.

शिरोड्याहून मुंबईला

विठ्ठल शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा येथे झाला. हे शिरोडे फोंडा तालुक्यातले. सिंधुदुर्गातले समुद्रकाठचे शिरोडे वेगळे. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. त्यांचे शालेय शिक्षण हुबळीत झाले आणि वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये आले. १९२३ मध्ये ते डॉक्टर झाले आणि १९२७ मध्ये त्यांनी प्रसूती व स्त्रीरोगशास्त्रात एम. डी. केले. पुढे इंग्लंडला जाऊन १९३१ मध्ये त्यांनी शल्यचिकित्सेतील एफ. आर. सी. एस. ही पदवी मिळवली. परत आल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. समूहातील रुग्णालये हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. तिथे त्यांनी शिकवले आणि शस्त्रक्रिया केल्या.

तो काळ कसा होता, हे लक्षात घेतले पाहिजे. पेनिसिलीन अजून बाजारात यायचे होते. सोनोग्राफी तर दूरचीच गोष्ट; पोटातले बाळ ध्वनिलहरींनी पाहण्याचा पहिला महत्त्वाचा शोधनिबंध १९५८ चा आहे. बहुतेक बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हातून होत. बाईने रुग्णालयाची पायरी चढायची ती सगळे उपाय थकल्यावरच. अशा बायकांच्या दोन तक्रारी शिरोडकरांसमोर पुन्हा पुन्हा येत. एक, अंग बाहेर येण्याची. दुसरी, चौथ्या ते सातव्या महिन्यात दर खेपेला पोट रिकामे होण्याची. या दोन्ही तक्रारींचे मूळ शरीराच्या एकाच छोट्या भागात आहे. त्यासाठी आधी ओटीपोटाची रचना पाहू.

तळ नसलेले भांडे

कंबरेखालचा हाडांचा सांगाडा, म्हणजे श्रोणी, हे एक भांडे आहे असे समजा. दोन्ही बाजूंना खुब्याची रुंद हाडे. ती पुढे जांघेच्या मध्यावर एकमेकांना मिळतात. मागे त्यांच्यामध्ये पाचरीसारखे त्रिकास्थी बसलेले असते आणि त्याच्या टोकाला माकडहाड. भिंती भक्कम आहेत, पण भांड्याला हाडाचा तळ नाही. तळ असता तर बाळ बाहेर येण्यास वाट उरली नसती. तळाच्या जागी आहे स्नायूंची झोळी. या झोळीतून पुढे मूत्रमार्ग, मध्ये योनिमार्ग आणि मागे गुदमार्ग बाहेर येतात.

माणूस दोन पायांवर उभा राहिल्यामुळे पोटातल्या सगळ्या अवयवांचा भार या झोळीवर येतो. खोकताना, शिंकताना, कुंथताना, डोक्यावर हंडा किंवा मोळी घेताना तो आणखी वाढतो.

या भांड्यात पुढे मूत्राशय, मागे गुदाशय आणि मध्ये गर्भाशय असते. गर्भाशय उलट्या धरलेल्या पेरूसारखे असते, साधारण सात-आठ सेंटिमीटर लांबीचे. त्याचा खालचा निमुळता भाग म्हणजे गर्भाशयमुख, ज्याला आपण पिशवीचे तोंड म्हणतो. पिशवी वरून कशाला तरी लोंबकळत असावी, असा अनेकांचा समज असतो. खरे तर तिला जागेवर धरून ठेवणारे मुख्य बंध तिच्या तोंडाच्या आसपास जोडलेले असतात. काही बंध दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे जातात, तर दोन बंध मागे त्रिकास्थीकडे. म्हणजे सगळी पकड आहे ती तोंडाशी.

या तोंडाला आणखी एक अवघड काम असते. नऊ महिने घट्ट मिटून राहायचे आणि वेळ आली की काही तासांत दहा सेंटिमीटर उघडायचे. एवढी ताकद आहे म्हणजे इथे मोठा स्नायू असणार, असे पूर्वी मानले जाई. १९४७ मध्ये डॅनफोर्थ या अमेरिकी संशोधकाने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की, तिथे स्नायू थोडाच असतो. बराचसा भाग चिवट तंतूंचा असतो. तंतू फाटला किंवा मुळातच कमजोर असला, तर तो स्नायूसारखा व्यायामाने वा औषधाने पुन्हा घट्ट होत नाही.

तेव्हा बंध सैल पडले तर पिशवी खाली सरकते आणि तोंडच सैल पडले तर गर्भ टिकत नाही. शिरोडकरांच्या रुग्णांच्या दोन तक्रारींचा उगम असा शेजारी शेजारी होता.

अंग बाहेर येते तेव्हा

अंग बाहेर येणे म्हातारपणीच होते असे नाही. लहान वयात लग्न, पाठोपाठ बाळंतपणे, सुईणीने वेळेआधी जोर करायला लावणे आणि बाळंतपणानंतर आठ-पंधरा दिवसांत पुन्हा कामाला जुंपणे, यामुळे पंचविशीतल्या बाईलाही हा त्रास होई. आजही होतो. चालताना काहीतरी खाली उतरल्यासारखे वाटते, लघवी रोखता येत नाही किंवा पूर्ण होत नाही, कंबर भरून येते. बाई हे नवऱ्यालाही सांगत नाही.

या दुखण्यावर तेव्हा एक प्रसिद्ध शस्त्रक्रिया होती. इंग्लंडमधील मँचेस्टरमध्ये डॉ. डोनाल्ड यांनी ती १८८८ च्या सुमारास सुरू केली आणि डॉ. फोदरगिल यांनी तिच्यात सुधारणा केली. तिच्यात गर्भाशयमुखाचा काही भाग कापून टाकत आणि बाजूचे बंध पुढे आणून शिवत. पिशवी वर राही, पण तोंडाचा भाग गेल्यामुळे पुढे दिवस राहणे किंवा राहिलेले टिकणे अवघड होई. पन्नाशीच्या बाईला याचे काही वाटले नसते. मुंबईत शिरोडकरांसमोर बसलेल्या तरुण मुलीला मात्र मूल हवे असे. तिचे घरातले स्थानच त्यावर ठरत असे.

शिरोडकरांनी या शस्त्रक्रियेत महत्त्वाचा बदल केला. गर्भाशयमुख कापायचे नाही, असे त्यांनी ठरवले. त्याऐवजी त्रिकास्थीकडे जाणारे मागचे दोन बंध त्यांनी मुखापासून सोडवले, पुढे आणले आणि मुखासमोर एकमेकांवरून घेऊन शिवले. सैल पडलेली दोरी सोडवून ताणून पुन्हा बांधावी, तसेच हे. अवयव शाबूत राहिला आणि आधार परत मिळाला.

ज्या तरुण बायकांचे स्वतःचे बंध इतके कमजोर असत की त्यांचा उपयोगच नसे, त्यांच्यासाठी त्यांनी दुसरा मार्ग काढला. पोट उघडून गर्भाशयाच्या मागच्या भागाला एक फीत जोडायची आणि तिचे दुसरे टोक मागे त्रिकास्थीच्या वरच्या कडेशी बांधायचे. निसर्गाने दिलेला बंध ज्या दिशेने जातो, त्याच दिशेने हा नवा बंध जातो. शिरोडकर स्लिंग या नावाने ही शस्त्रक्रिया स्त्रीरोगतज्ज्ञ आजही शिकतात. ती करायला सोपी नाही. मूत्रनलिका, आतडे आणि मोठ्या रक्तवाहिन्या तिथून हाताच्या अंतरावरही नसतात. पुढे मुंबईतल्याच डॉ. पुरंदरे यांच्यासारख्या तज्ज्ञांनी पिशवी पुढच्या बाजूने पोटाच्या भिंतीला बांधण्याची तुलनेने सोपी पद्धत रूढ केली. पिशवी न काढता ती उचलून धरण्याच्या शस्त्रक्रियांत मुंबईच्या डॉक्टरांनी अशी मोलाची भर घातली.

ना दुखणे, ना ताप

दुसरी तक्रार अधिक गूढ होती. बाईला दिवस जातात, तीन महिने नीट जातात, पोट दिसू लागते. आणि एके दिवशी फारशी कळ न येता, ताप नसताना, अचानक पाणी जाते आणि गर्भ बाहेर पडतो. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, साधारण त्याच महिन्यात. घरचे लोक पायगुण काढत, अंगारे-धुपारे करत, दुसरे लग्न सुचवत. डॉक्टर रक्त तपासत, संप्रेरकांची इंजेक्शने देत, महिनोन् महिने झोपवून ठेवत. काहींना गुण येई, पण अनेकींचे नशीब बदलत नसे.

शिरोडकरांनी या बायकांना वेगळे ओळखले. पहिल्या तीन महिन्यांत होणारे बहुतेक गर्भपात गर्भातल्याच दोषामुळे होतात. इथे गर्भ धडधाकट असतो; त्याला धरून ठेवणारे दार मात्र कळा येण्याआधीच हळूहळू उघडते. ते दार बोटाने तपासता येते. आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने तपासत राहिले, तर ते आखूड आणि सैल होत असल्याचे हाताला कळते. ना यंत्र, ना छायाचित्र. अनुभवी बोट हेच त्यांचे साधन होते.

हा दोष इतरांच्याही लक्षात आला होता. अमेरिकेत लॅश या डॉक्टरांनी १९५० मध्ये दोन गरोदरपणांच्या मधल्या काळात मुखाचा कमजोर तुकडा कापून शिवण्याची पद्धत मांडली होती. पण त्यानंतर काही बायकांना दिवसच राहत नसत. शिरोडकरांनी धाडस केले ते गर्भ पोटात असताना शस्त्रक्रिया करण्याचे. दिवस राहिले आहेत, गर्भ वाढतो आहे आणि तोंड उघडू लागले आहे, हे दिसत असतानाच ते बांधायचे.

मांडीतली पट्टी

बांधायचे कशाने? साधा दोरा नाजूक तंतूंना कापत जाईल, ही भीती होती. त्यांनी रुग्णाच्याच मांडीच्या बाहेरच्या बाजूने, स्नायूंवर असलेल्या चिवट पांढऱ्या आवरणाची अरुंद पट्टी काढली. शरीराचेच असल्यामुळे ते परके वाटणार नव्हते. योनिमार्गातून पुढे आणि मागे छोटा छेद घेऊन, मूत्राशय वर सरकवून, ही पट्टी गर्भाशयमुखाच्या आतल्या दाराच्या पातळीवर त्वचेखालून गोल फिरवली आणि बांधली. बटव्याची नाडी ओढावी तसे ते तोंड मिटले. त्यांनी जागा अचूक निवडली होती. टाका जितका वर, आतल्या दाराजवळ, तितका तो गर्भाच्या भाराला चांगला पुरा पडतो.

हे काम त्यांनी १९५५ मध्ये अँटिसेप्टिक या मद्रासहून निघणाऱ्या वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध केले. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या नियतकालिकाची वाट त्यांनी पाहिली नाही. तरीही काही वर्षांतच ही पद्धत युरोप-अमेरिकेत पोहोचली. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या डॉ. मॅकडोनाल्ड यांनी तिची सोपी आवृत्ती मांडली. तिच्यात मूत्राशय सरकवण्याची गरज नसते. मुखाभोवती बटव्यासारखा टाका घातला की झाले. लहान गावांतल्या रुग्णालयांत आज बहुधा हाच टाका घालतात. मांडीतल्या पट्टीची जागाही पुढे पाच मिलिमीटर रुंदीच्या कृत्रिम धाग्याच्या फितीने घेतली.

बंद झालेल्या गर्भनलिका पुन्हा उघडण्याच्या शस्त्रक्रियांवरही शिरोडकरांनी काम केले. कुटुंबनियोजनाच्या कार्यातही ते होते. मूल हवे त्या बाईला ते मिळावे आणि नको तेव्हा तिच्यावर लादले जाऊ नये, या एकाच विचाराच्या या दोन बाजू म्हणता येतील. त्यांच्या शस्त्रक्रियांवरचे पुस्तक १९६० मध्ये एडिंबरोहून निघाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७१ मध्ये पद्मविभूषण जाहीर झाले आणि थोड्याच दिवसांत, ७ मार्च १९७१ रोजी, त्यांचे निधन झाले.

टाका सगळ्यांना नाही

चांगला उपाय सापडला की तो गरजेपेक्षा जास्त वापरला जातो. टाक्याचेही तसेच झाले. एखादा गर्भपात झाला की घाला टाका, अशी प्रथा अनेक देशांत पडली. म्हणून ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांत एक मोठी पाहणी झाली. १९९३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. टाका घालावा की नाही, याची डॉक्टरांनाच खात्री नव्हती अशा १,२९२ स्त्रिया तिच्यात होत्या. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. टाका घातलेल्यांपैकी १३ टक्के, तर न घातलेल्यांपैकी १७ टक्के स्त्रियांची प्रसूती ३३ आठवड्यांच्या आत झाली. म्हणजे अशा २५ जणींना टाका घातला तर साधारण एकीची फार लवकरची प्रसूती टळली. ज्यांना आधी वारंवार असे गर्भपात झाले होते, त्यांना फायदा अधिक दिसला. शिरोडकरांनी टाका शोधला तो नेमक्या अशाच बायकांसाठी.

आज निवड अधिक नेमकी करता येते. आधी या प्रकारचा गर्भपात झालेल्या स्त्रीची योनिमार्गातून सोनोग्राफी करून मुखाची लांबी मोजतात. २४ आठवड्यांच्या आत ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर टाक्याचा विचार होतो. वारंवार असे घडले असेल, तर १२ ते १४ आठवड्यांच्या सुमारासच टाका घालतात. काहींना प्रोजेस्टेरॉन या औषधाने भागते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा कळा सुरू असताना टाका घालत नाहीत. आणि टाका घातला म्हणून महिनोन् महिने पलंगावर पडून राहण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही.

मासवणच्या बाईने काय लक्षात ठेवावे?

सूर्या नदीकाठच्या मासवणपासून मनोरपर्यंतच्या पट्ट्यात पावसाळ्यात आवणीला वाकलेल्या बायका दिसतात, तर दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. गरोदरपण आणि बाळंतपण या दोन्हींच्या मध्येच येते. त्यामुळे काही गोष्टी इथे विशेष महत्त्वाच्या ठरतात.

चौथ्या महिन्यानंतर कधीही गर्भ पडला असेल, तर पुढच्या वेळी दिवस राहताच आशाताई किंवा परिचारिकेला ते सांगावे आणि कितव्या महिन्यात पडला हेही सांगावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ती चुकवू नये. खाली जड वाटणे, कंबरेत मंद दुखत राहणे, पाण्यासारखा स्राव वाढणे किंवा रक्ताचा डाग दिसणे ही सूचना समजावी. फार दुखत नाही म्हणून थांबू नये. या आजारात दुखत नाही, हीच त्याची खूण आहे.

टाका घातलेल्या बाईने त्याची चिठ्ठी कायम जवळ ठेवावी. भट्टीवर किंवा माहेरी गेली तरी ती बरोबर हवी. टाका ३६-३७ आठवड्यांच्या सुमारास काढावाच लागतो. त्याआधी कळा आल्या, रक्त गेले किंवा पाणी गेले, तर ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे. टाका तसाच राहिला तर कळांच्या जोराने पिशवीचे तोंड फाटू शकते आणि मोठा रक्तस्राव होऊ शकतो.

बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे मोळी, हंडा, गोणी उचलू नये. बद्धकोष्ठ आणि जुना खोकला यांवर उपचार घ्यावेत. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात, ते दिवसातून दोन-तीन वेळा, दर वेळी दहा-दहा वेळा आवळून सोडावेत. झोळी यानेच मजबूत होते. अंग खाली येत असेल तर लाज न धरता तपासून घ्यावे. सुरुवातीला व्यायामाने किंवा आत बसवायच्या रिंगने भागते.

आणि कोणी लगेच पिशवी काढायला सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या सर्रास काढल्या जात असल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पिशवी काढणे कधी कधी अपरिहार्य असते. पण ती काढल्याने सैल पडलेली झोळी घट्ट होत नाही. नुसती पिशवी काढून बंध तसेच सोडले, तर योनिमार्गाचा वरचा भाग पुन्हा खाली येऊ शकतो. काय सैल पडले आहे ते आधी शोधा आणि तेवढेच दुरुस्त करा, हा शिरोडकरांचा मार्ग होता. पिशवी काढायला सांगणाऱ्या डॉक्टरांना प्रत्येक बाईने निदान एवढे विचारावे, की नेमके काय बिघडले आहे आणि ते पिशवी ठेवून दुरुस्त होणार नाही का?